जनुक आत जातं, रोप येत नाही: जोर कुठे लावायचा?

कॅलसवेडा: ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी वनस्पतीत जनुक घालताना हाती आलेल्या रोपांचा टक्का कमी आला की सगळे जिवाणूच्या मागे लागतात. ॲसिटोसिरिंगोन (जिवाणूला जागं करणारं रसायन) वाढवा, ओडी (द्रावणातली जिवाणूंची दाटी) बदला, जिवाणूचा दुसरा स्ट्रेन मागवा. माझ्या मते दुखणं वेगळीकडेच आहे. सहसंवर्धनानंतर (वनस्पतीचे तुकडे जिवाणूसोबत वाढवल्यावर) गस हे खुणेचं जनुक रंगवून पाहिलं तर तुकडे निळ्या ठिपक्यांनी भरलेले असतात, आणि कॅनामायसिनवर (जनुक न मिळालेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिजैविकावर) तीन महिने सांभाळूनही हाती रोप येत नाही. टी-डीएनए (जिवाणू पेशीत सोडतो तो डीएनए) पोहोचतो, त्या पेशीचं रोप होत नाही. 2016 मध्ये मक्यात बेबी बूम आणि वुशेल ही रोपवाढीची जनुकं सोबत दिली, तेव्हा अजिबात दाद न देणाऱ्या वाणांतूनही रोपं निघाली. 2020 मध्ये गव्हात जीआरएफ4-जीआयएफ1 या जोडजनुकाने तसंच केलं.

टीप्लाझ्मिड: ठिपक्यांवर एवढा भरवसा नको. टी-डीएनए गुणसूत्रात न बसताही गस काही दिवस दिसतं, मग विरतं. म्हणजे तुमच्या निम्म्या युक्तिवादाचा पायाच कच्चा आहे. भात आठवा: एकदल पिकांत हा जिवाणू चालत नाही असंच बरीच वर्षं मानलं जायचं. 1994 मध्ये जॅपोनिका भातात पद्धत बसली, त्यात चांगलं कॅलस (ज्यातून रोप निघतं तो पेशींचा गोळा) होतंच, पण ॲसिटोसिरिंगोनही बाहेरून द्यावं लागलं. त्याने जिवाणूची विर जनुकं (टी-डीएनए पाठवणारी) जागी होतात; ती जागी झाली नाहीत तर पुढे रोपवाढीची कितीही जनुकं द्या! आणि सहसंवर्धन 28 अंशांवर करणाऱ्यांनी एकदा 20-22 वर करून बघावं. उष्णता वाढली की जिवाणूची टी-पिलस (टी-डीएनए पाठवताना लागणारी तंतूसारखी रचना) नीट बनत नाही.

कॅलसवेडा: ठिपक्यांचं मान्य, तिथे मी घाई केली. तापमानाचंही पटलं. पण जिवाणू जोरदार केला की पेशी काय करते? तिच्यासाठी तो शत्रूच. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या वनस्पतीचा ईएफआर ग्राही (पेशीवरचं शत्रू ओळखणारं प्रथिन) जिवाणूचं ईएफ-टीयू प्रथिन ओळखतो, आणि तो ग्राही नसलेल्या रोपांत जनुक जास्त सहज जातं, हे 2006 मध्येच दिसलं. सोयाबीनच्या तुकड्यांना सहसंवर्धनात सिस्टीन हे अमिनो आम्ल दिलं की ते कमी काळे पडतात, रोपं जास्त मिळतात. दोन्हीकडे जिवाणूला हात लावलेला नाही.

टीप्लाझ्मिड: तोच अडथळा जिवाणू बदलूनही हटतो. एसीसी डिअमिनेज हे विकर घातलेला ॲग्रोबॅक्टेरियम इथिलीनचा (वनस्पतीच्या बचावातल्या संप्रेरकाचा) कच्चा मालच तोडतो आणि टी-डीएनए जास्त जातो.

सदर्नब्लॉट: दोघंही टक्का म्हणताय, पण मोजताय काय? एकाच कॅलसमधून निघालेले पाच कोंब पाच रोपं म्हणून धरले तर आकडा पाचपट फुगतो. आधी स्वतंत्र घटना (जनुक वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळं बसणं) किती ते सांगा, मग कोणता उपाय चालला ते बोलू.