मदत हवी आहे : छोट्या देशाची कल्पकता पेटंटच्या आकड्यावरून कशी मोजायची?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.ए. अर्थशास्त्राला आहे. प्रकल्पासाठी छोट्या देशांच्या नवनिर्मितीची तुलना करतेय आणि पेटंटच्या आकड्यांपाशी अडकलेय.

छोट्या देशातली कंपनी घरच्या कार्यालयात अर्ज करतेच असं नाही. बाजारपेठ मोठी म्हणून ती थेट अमेरिकेत किंवा युरोपियन पेटंट ऑफिसात जाते. मग फक्त देशांतर्गत अर्ज मोजले तर तो देश उगाच मागे दिसतो. उलट, करसवलतीसाठी पेटंटची मालकी आयर्लंड, लक्झेंबर्गसारख्या ठिकाणी ठेवली जाते; शोध लागलेला असतो भलतीकडेच. दरडोई आकडा काढला तरी हा घोळ राहतोच.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते नेदरलँड्सने. 1869 मध्ये त्यांनी पेटंट कायदाच रद्द केला, तो परत आला 1912 मध्ये. मधल्या काळात, 1891 साली, आइंडहोवेनमध्ये फिलिप्सचा बल्बचा कारखाना उभा राहिला. त्या वर्षांत देशाने स्वतः दिलेल्या नव्या पेटंटची संख्या शून्य!

इथे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काठ नीट बसावा म्हणून जॉबरने (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) स्वतः पट्टी घासून बसवलेली मी पाहिलीय. ती कुठल्या आकड्यात येणार? म्हणून नुसत्या संख्येवर निष्कर्ष काढायला मन धजत नाही.

मोजणी अर्जदाराच्या देशानुसार करू की संशोधकाच्या पत्त्यानुसार? एकाच शोधाचे अनेक देशांतले अर्ज एकच कसे धरायचे? जोडीला संशोधनावरचा खर्च घ्यावा की निर्यात? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.