भाव बघायचं ॲप आलं, म्हणून स्पर्धा आयोग घरी बसवायचा?

मिक्सरवाला_राजारामपुरी
काल एकानं इथं लिहिलं, "मोबाईलवर दहा दुकानांचे भाव दिसतात, गिऱ्हाईक राजा झालाय, आता स्पर्धा आयोग बंद करा." बाजारात कंपन्यांची दांडगाई रोखणारा सरकारी आयोगच बंद? रात्री झोप लागली न्हाई. लांबलंय, सोसा.

भाव दाखवणारा काय पालखीत फुकट पाणी वाटतोय? दुकानं त्याला क्लिकमागं पैसे मोजतात, वर कोण दिसणार ते तोच ठरवतो. युरोपात गूगलनं आपली शॉपिंग सेवा वर ठेवली, बाकीच्या तुलनेच्या साइट पार तळाला ढकलल्या. २०१७ ला २४२ कोटी युरो दंड. कोर्टकचेरी संपली सप्टेंबर २०२४ ला. तोवर बारक्यांनी काय रंकाळ्यावर हवा खायची? आपल्याकडंही २०१८ ला सर्चमधल्या झुकत्या मापाबद्दल आयोगानं गूगलला १३५.८६ कोटी लावले. आणि म्हणे बंद करा.

माझंच सांगतो. एक मिक्सर मला डिस्ट्रिब्युटरकडनं ३,१५० ला पडतो, ऑनलाइन २,८९९ ला विकतात. मी तिथनंच मागवून काउंटरवर मांडू?

गल्लीतला_शहाणा
मांडा की! फ्रिज घेताना राजारामपुरीत चार दुकानं पालथी घातली. चौघांचा भाव रुपयाला रुपया सारखा. एकजण तर "तुम्ही घरचे म्हणून सांगतो" म्हणाला आणि तोच आकडा सांगितला! ॲप उघडलं, साडेचार हजार वाचले. तेव्हा तुमचा आयोग कुठं होता?

कलम_चार
दोघांचंही अर्धंच. तोट्यात विकणं बेकायदा ठरतं ते विकणारा बाजारात वरचढ असेल तरच. ऑनलाइनवाले दोन धटिंगण एकमेकांना भिडले तर वरचढ कोण? 'दोघं मिळून वरचढ' हा प्रकार आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात नाही. आणि मिक्सरवाले, चौघांनी ठरवून एक भाव लावला असेल तर ते त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, म्हणजे संगनमतात बसतं. कंपनीनंच "याखाली विकू नका" असा दम दिला असेल तर गोष्ट वेगळी, मग दंड कंपनीला. डीलरांना सूट देऊ दिली नाही म्हणून मारुतीला २०२१ ला २०० कोटी लागले होते.

चप्पल_लाईनची_लेक
भाव राहू दे, तुलना कशाची करताय ते बघा. ॲपवर 'कोल्हापुरी' टाकलं की ३४९ ची रेक्झिन आणि आमची बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची, हातानं शिवलेली, एकाच यादीत. स्वस्त ती वर. २०१९ ला जीआय, म्हणजे 'हा माल याच भागातला' असा सरकारी शिक्का मिळाला, ते त्या ॲपला कोण सांगणार?

सीमेपलीकडचा
ताई, जीआय एकट्या कोल्हापूरचं नाही. तुमच्याकडचे चार जिल्हे, कर्नाटकातले चार. अथणीचा माल आणून "अस्सल कोल्हापुरी" म्हणून विकणारे तुमच्याच लाईनीत बसतात.

चप्पल_लाईनची_लेक
कोण विकतंय? दुकान दाखवा, आत्ता येते! आमच्या आज्जीच्या बोटांना आरीनं भोकं पडली. तुम्ही घरबसल्या जिल्हे मोजा.

सीमेपलीकडचा
अथणीच्या आज्जीला बोटं नसतात काय?

चप्पल_लाईनची_लेक
…असतात. तिलाही ३४९ च्या खालीच ढकललंय त्या ॲपनं. तेवढं मान्य.

मिक्सरवाला_राजारामपुरी
अहो, माझा मिक्सर कुठं गेला?

गल्लीतला_शहाणा
काका, आत्ता बघितलं. तुमचा मिक्सर शोधला तर पहिल्या चार ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित'. त्याहून दीडशेनं स्वस्त खाली, लई खाली. बरं बाबा, जिंकलात. अन् ३४९ वाली मीपण घेतली होती, महिन्यात अंगठा तुटला. हसू नका ताई.

मिक्सरवाला_राजारामपुरी
हसत न्हाई. पण त्या चार दुकानांत आठव्या गल्लीतलं एक होतं का रे?

गल्लीतला_शहाणा
कोपऱ्यावरचं. "घरचे म्हणून" वालं.

मिक्सरवाला_राजारामपुरी
दोन चहा पिऊन गेलावतास, आठवतंय मला.