हेड उतरवण्याआधी होज दाबून बघा

कूलंट कमी होतंय, खाली थेंबही नाही, आणि गॅरेजवाला लगेच हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवू म्हणतोय? थांबा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो टणक लागला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटच्या पाण्यात शिरत असण्याची दाट शक्यता आहे. मग निळ्या द्रावणाची टेस्ट करून घ्या. गॅस असेल तर रंग बदलतो.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्याखालचा ब्लॉक बिडाचा असेल तर तापल्यावर हेड जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मधल्या मध्ये गॅस्केट, म्हणजे दोघांमधलं सील, रगडलं जातं. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात कॅराव्हॅन ओढणाऱ्या यूटला (तिथल्या पिकअपला) लो-कूलंट अलार्म हवाच, कारण पाणी गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा नॉर्मल दाखवत राहतो. हेड उतरलंच, तर बोल्ट नवेच घाला.