शब्दचर्चा: स्त्रीदाक्षिण्य, आदर आणि जॅझमधली आवडनिवड

मंद्रसप्तक
आम्ही काही जॅझवेडे मिळून जॅझमधल्या स्त्रियांवर मराठीत एक छोटी पुस्तिका लिहितो आहोत. मसुद्यातल्या दोन वाक्यांवर गाडी अडली आहे. पहिलं वाक्य: ‘बँडमधल्या पुरुषांनी सहकारी स्त्रियांशी स्त्रीदाक्षिण्याने वागावं.’ दुसरं: ‘तिचा ट्रम्पेट अगदी मर्दानी वाजतो.’ पहिल्यामागचा हेतू चांगला आहे आणि दुसऱ्यात तर उघड कौतुक आहे. तरी आमच्यातल्या निम्म्यांना दोन्ही वाक्यं खटकतात आणि बाकीच्यांना त्यांत वावगं काही दिसत नाही. मला ती खटकतात. स्त्रीदाक्षिण्य म्हणजे नेमकं काय? कामाच्या जागी तो शब्द चालेल का? आणि वादनाला मर्दानी म्हणताना आपण सुरांबद्दल बोलतो की वाजवणारीबद्दल?

तिरपा ठेका
मला स्त्रीदाक्षिण्य हा शब्द आवडतो. त्यात सौजन्य आहे, समोरच्याला सांभाळून घेणं आहे, जिभेवर ताबा आहे. जॅझच्या दुनियेत एवढं जरी पाळलं गेलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. ‘आदर’ हा शब्द भाषणांतून वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. दाक्षिण्याला निदान वजन आहे. शब्द जुना वाटतो एवढ्यावरून तो टाकू नये.

पोथीवाला
मी तो जुना म्हणून टाकणार नाही, पण त्याचे पदर पाहून घेऊ.

दाक्षिण्य हे ‘दक्षिण’वरून आलं. दक्षिण म्हणजे उजवा, त्यावरून कुशल, सरळ, दुसऱ्याच्या कलाने घेणारा. मराठीत दाक्षिण्य म्हणजे भीड, मुर्वत, समोरच्याचं मन न मोडणं. ‘कसलंही दाक्षिण्य न बाळगता टीका केली’ असं आपण म्हणतो तेव्हा हाच अर्थ असतो. संस्कृत साहित्यशास्त्रात मात्र आणखी एक पदर आहे. शृंगारातल्या नायकाचे चार प्रकार सांगतात: अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. अनुकूल नायक एकीशीच निष्ठा राखतो. दक्षिण नायकाचं मन दुसरीवर जडलेलं असतं, तरी पहिलीशी तो पूर्वीसारखाच गोडीने वागतो, तिला दुखवत नाही. म्हणजे तिथे दाक्षिण्य हा प्रियकराचा गुण आहे.

आज हा शब्द वापरताना कोणाच्या मनात तो नायक नसतो आणि व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू नये, हे मीच नेहमी सांगतो. पण आजचा वापर तरी पाहा. खुर्ची दिली, दार उघडून धरलं, तिच्याशी वाद घालायचं टाळलं, की ते स्त्रीदाक्षिण्य. बाई समोर आली म्हणून वागणं बदललं, हा त्या शब्दाचा गाभा आहे. पाहुणीशी तसं वागणं शोभतं. तालमीत ट्रम्बोनवालीचा सूर चुकला आणि बँडलीडरने दाक्षिण्यापोटी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, तर त्याने तिला वादक मानलंच नाही.

पहिली पोझिशन
पोथीवाला, तुमचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. मी स्वतः ट्रम्बोन वाजवते, म्हणून उदाहरणही त्याच वाद्यातलं देते.

मेल्बा लिस्टन यांचा जन्म १९२६ सालचा. चाळीसच्या दशकात त्या जेराल्ड विल्सन यांच्या बँडमध्ये ट्रम्बोन वाजवत आणि अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं याची मांडणी, लिहीत. १९४९ मध्ये तो बँड गायिका बिली हॉलिडे यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याही होत्या. त्यानंतर काही वर्षं त्या वादनापासून दूर गेल्या. शिक्षण खात्यात नोकरी केली, सिनेमात किरकोळ कामं केली. पुढे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी त्यांना आपल्या मोठ्या बँडमध्ये बोलावून घेतलं आणि १९५६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या बँडला परदेश दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा लिस्टन वादक आणि अरेंजर अशा दोन्ही नात्यांनी त्यात होत्या. पियानोवादक रँडी वेस्टन यांच्याबरोबरचं त्यांचं काम तर पुढे कित्येक वर्षं चाललं. प्रवासातल्या त्या काळात आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हेही त्यांनी नंतर स्वतः सांगितलं आहे.

या आयुष्यासमोर ‘स्त्रीदाक्षिण्य’ शब्द ठेवून पाहा. किती तोकडा पडतो! रात्रभर बसमध्ये प्रवास करून अनोळखी मुक्कामी उतरणाऱ्या वादक बाईला कोणी कोट काढून अंथरावा असं वाटत नसतं. तिने लिहिलेलं पान नीट वाजवलं जावं, पगार ठरल्याप्रमाणे आणि इतरांइतका मिळावा, सोलोची, म्हणजे एकट्याने वाजवून दाखवायची, पाळी यावी, खोलीची कडी आतून लागावी आणि ‘नाही’ म्हटलं म्हणून पुढचं काम हातचं जाऊ नये. यातलं काहीही दाक्षिण्य म्हणून मागायचं नाही. हे नोकरीतले हक्क आहेत.

ॲनिटा ओ’डे ड्रमवादक जीन क्रुपा यांच्या बँडमध्ये गात होत्या तेव्हाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गायिकेने झगमगीत गाऊन घालून बाजूला बसून राहायचं, असा त्या वेळचा रिवाज. त्यांनी बाकीच्या वादकांसारखंच बँडचं जॅकेट घातलं. आपण इथे कामाला आलो आहोत, हे त्यांना कपड्यांतूनही सांगावंसं वाटलं.

शब्दच हवा असेल तर आपल्याकडे ‘साथीदार’ आहे. इंग्रजीत बँडलीडरच्या साथीला वाजवणाऱ्याला ‘साइडमन’ म्हणतात, त्यात पुरुष शब्दातच बसलेला आहे. साथीदाराला ती अडचण नाही. तो पुरुषही असतो, बाईही असते.

रात्रीचा रेडिओ
वागणुकीबद्दल माझं काहीच दुमत नाही. पण मर्दानी या शब्दावर एवढं का उठायचं? आवाजाला विशेषण तर लागतंच. भरदार, नाजूक, धारदार, तसंच मर्दानी. मला जोरकस, कडक ट्रम्पेट आवडतो, हळुवार वादन मी फार वेळ ऐकू शकत नाही. ही माझी आवड. आणि एखादी वादक स्त्री आहे म्हणून तिचं वादन मला आवडलंच पाहिजे, असं कोणी सांगू लागलं तर ते मी मानणार नाही. आवडीवर सक्ती आली की ऐकणं संपलं.

पडद्याआड
रेडिओ, सक्तीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. कोणाचं वादन न आवडणं हा त्या व्यक्तीचा अनादर नव्हे. उलट बाईच्या रेकॉर्डवर बोलताना आवाज मऊ करून सगळंच छान म्हणणारा श्रोता मला जास्त खटकतो. तोही स्त्रीदाक्षिण्यच दाखवत असतो.

पण मराठीत ‘आवडनिवड’ असा जोडशब्द आहे आणि या वादात तो मोडून वापरायला हवा. आवड ऐकणाऱ्याची. निवड करणाऱ्याच्या हाती मात्र दुसऱ्याची भाकरी असते. कोणाला बँडमध्ये घ्यायचं, कोणाला सोलो द्यायचा, महोत्सवाच्या यादीत कोणाचं नाव घालायचं, कोणाच्या रेकॉर्डवर लिहायचं, या सगळ्या निवडी आहेत आणि त्या करताना ‘ही माझी आवड’ म्हणून हात झटकता येत नाहीत. १९३८ साली ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकात स्त्री वादक कमी दर्जाच्या का असतात, अशा मथळ्याचा लेख निनावी छापून आला होता. लिहिणाऱ्याला ती आपली आवड वाटली असेल. पण वाचणाऱ्यांत बँडलीडरही होते.

आता कानाची गोष्ट. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ सुरू केली. नाव न सांगता रेकॉर्ड वाजवायची आणि वादकाला मत विचारायचं. १९५१ मध्ये ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज यांनी, वाजवणारा गोरा की काळा हे आपण नुसतं ऐकून ओळखू, अशी पैज घेतली आणि त्यांचे अंदाज भरपूर चुकले. इतक्या तयार कानाची ही स्थिती. तेव्हा ट्रम्पेटमध्ये आपल्याला मर्द किंवा बाई ऐकू येते असं म्हणणाऱ्याने आधी वेष्टन न पाहता दहा रेकॉर्ड ऐकाव्यात.

यातली खेदाची बाजू अशी की याच फेदर यांनी पियानोवादक मेरियन मॅकपार्टलंड यांच्याबद्दल, त्या इंग्लिश, गोऱ्या आणि स्त्री असल्यामुळे त्यांचा निभाव लागणं कठीण, अशा अर्थाचं लिहिलं होतं. मॅकपार्टलंड यांनी पुढे रेडिओवर तीसहून अधिक वर्षं जॅझ पियानोचा कार्यक्रम चालवला.

पोथीवाला
मर्दानीबद्दल एक वापराची नोंद. लुई आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेट मर्दानी आहे असं कोणी लिहीत नाही. तिथे खणखणीत, लखलखीत, भरदार म्हणतात, म्हणजे नादाचं वर्णन करतात. मर्दानी हे विशेषण वाजवणारी बाई असली तरच सुचतं. म्हणजे नाद कसा आहे हे त्यातून कळतच नाही. ‘बाई असूनही’ एवढंच कळतं. रेडिओ, तुम्हाला जो कडकपणा आवडतो त्यासाठी खणखणीत वापरून पाहा. तुमची आवड जशीच्या तशी राहते.

रात्रीचा रेडिओ
खणखणीत चालेल. मर्दानीपेक्षा नेमका आहे, हेही खरं. मात्र ‘नाजूक’ शब्दालाही मग हीच कसोटी लावा. तो स्त्री पियानोवादकांना सरसकट चिकटवलेला मी वाचतो आणि मेरी लू विल्यम्स यांचा डावा हात ऐकलेल्या माणसाला तो पटणं शक्य नाही.

पहिली पोझिशन
अगदी! आणि मेरी लू यांचं नाव निघालंच आहे तर मंद्रसप्तक, तुमच्या मसुद्याबद्दल एक तक्रार आहे. त्यात एलिंग्टन ‘ते’ आहेत, गुडमन ‘ते’ आहेत आणि या दोन्ही बँडलीडरांसाठी अरेंजमेंट लिहिणाऱ्या मेरी लू विल्यम्स मात्र ‘ती’ आहे. पुरुष आडनावाने येतात, बायका पहिल्या नावाने: एला, बिली, मेरी लू. आपण आवडत्या कलावंताला प्रेमाने अरे-तुरे करतो, ते मला माहीत आहे आणि प्रिय आहे. मग लुईलाही ‘तो’ म्हणा. एकाच पानावर दोन मापं नकोत.

पडद्याआड यांच्या मुद्द्याला श्रोत्यांची बाजूही जोडा. २०१७ साली पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर यांनी ईथन आयव्हरसन यांना दिलेल्या मुलाखतीत, बायकांना लांबलचक सोलोंपेक्षा एका ठेक्यावर स्थिर राहिलेलं वादन भावतं, अशा अर्थाचं सांगताना थेट स्त्रीच्या शरीराची उपमा वापरली. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मी लांबलचक सोलो ऐकत मोठी झाले. माझी अभिरुची माझ्या कानांनी, तालमीने आणि कंटाळ्याने घडली आहे. आणि बायकांना काय आवडतं हे ज्याने आधीच ठरवून ठेवलं आहे, तो समोर बसलेल्या बाईला विचारत नाही. वाजवणारी आणि ऐकणारी, दोघींच्या बाबतीत घडतं ते एकच.

तिरपा ठेका
स्त्रीदाक्षिण्य शब्द मी टाकून देणार नाही, पण त्याची जागा बदलायला तयार आहे. स्विंगच्या, म्हणजे तीस-चाळीसच्या दशकांतल्या नाचत्या जॅझच्या, काळात गायिकेला ‘कॅनरी’ म्हणत, म्हणजे पिंजऱ्यातलं गाणारं पाखरू. त्या काळचे लोक बायकांशी कसं वागत, कौतुकाने आणि तरीही वरून खाली पाहत, हे सांगताना स्त्रीदाक्षिण्य हाच अचूक शब्द आहे. आज कसं वागावं हे सांगताना तो नको.

एक विचारतो. गायक-गायिका आपण सहज म्हणतो. मग वादक-वादिका का नको?

पोथीवाला
‘वादिका’ व्याकरणाने चुकीचा नाही, पण रूढ नाही आणि रूढ करण्याची गरजही मला दिसत नाही. ‘त्या तबलावादक आहेत’ हे मराठीत सरळ चालतं, क्रियापद आणि सर्वनाम लिंग सांभाळतात. पुस्तिकेचा विषयच स्त्रिया असल्याने ‘स्त्री वादक’ एक-दोनदा लागेल, दर ओळीत नको. क्लोरा ब्रायंट यांनी १९५७ मध्ये स्वतःच्या नावावर केलेल्या रेकॉर्डचं नावसुद्धा ‘गॅल विथ अ हॉर्न’, म्हणजे ‘वाद्य हाती घेतलेली पोरगी’.  तुमच्या मजकुरात त्यांना फक्त ट्रम्पेटवादक म्हणा.

मंद्रसप्तक
सर्वांचे आभार. दुसरं वाक्य आता ‘त्यांचा ट्रम्पेट खणखणीत वाजतो’ असं होईल आणि सर्वनामं आजच सगळीकडे सारखी करतो. पहिल्यासाठी हा खर्डा: ‘बँडमधल्या सर्वांनी एकमेकांना साथीदाराचा मान द्यावा.’

पहिली पोझिशन
‘द्यावा’च्या जागी ‘राखावा’ करा. देण्यात देणाऱ्याची मर्जी येते. राखण्यात, तो मान तिचाच आहे हे आधी धरलेलं असतं.

आणि सुरक्षिततेचं वाक्य वेगळं लिहा. मान या शब्दात ती मावत नाही. २०१८ साली ‘वुई हॅव व्हॉइस’ या कलावंतांच्या गटाने रंगमंचीय कलांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली आणि संस्थांनी ती पाळण्याची जाहीर हमी द्यावी, असा आग्रह धरला. त्याच वर्षी ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॅझ आणि लिंगभावाचा न्याय यांवर काम करणारी संस्था सुरू केली. चांगल्या स्वभावावर विसंबून न राहता नियम लेखी असावेत, असं वादकांनाच वाटू लागलं होतं. म्हणून तिसरं वाक्य असं घ्या: ‘तालीम, प्रवास, मुक्काम आणि कार्यक्रमानंतरचं जॅम सेशन ही सगळी कामाचीच जागा आहे.’ जॅम सेशन, म्हणजे वादकांनी जमून केलेलं उत्स्फूर्त वादन, त्यातून गाळू नका. पुढची कामं तिथेच ठरतात.

मंद्रसप्तक
तसंच्या तसं घेतो. ते पहिल्या पानावर घालतो, मानाच्या वाक्याच्या आधी.