‘अकबरनामा’ला बखर म्हणावं का?

प्रश्न : अकबरनामा, बादशाहनामा या मुघल दरबारी ग्रंथांना मराठी लेखांत सर्रास ‘बखर’ म्हणतात. हे योग्य आहे का? ‘इतिवृत्त’ चालेल?

उत्तर : बखर म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. बखरीत बहुतेकदा एकच लेखक आठवणीतलं आणि ऐकीव सांगत जातो. नामा घडतो तो दरबारी दफ्तरातून. अकबराने रोजच्या नोंदींसाठी 14 वाकेनवीस नेमले होते आणि त्यांतले दोघे आळीपाळीने हजर असत. बादशहा काय बोलला, काय खाल्लं, कोणाला काय दिलं, सगळं टिपलं जाई. ते बादशहाच्या कानावर घालून मंजूर झालं की त्याच्या नकला होत. अशा नकलेला ‘याददाश्त’ म्हणत. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फझल याला 1589 मध्ये अकबरनाम्याचं काम मिळालं. या नोंदी, फर्मानं आणि जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करून तो तेरा वर्षं मसुदे घासूनपुसून लिहीत राहिला. 1602 मध्ये त्याचा खून झाला.

हेतूही वेगळा. अकबराची वंशावळ तो पार आदमपर्यंत नेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला दैवी प्रकाश त्याच्या ठायी दाखवतो. अशा बादशहाला विरोध करणं फोल आहे, हे वाचणाऱ्याच्या मनावर ठसवायचं होतं. त्यामुळे त्यातली स्तुती बाजूला काढून ‘उरलेला इतिहास’ वाचू पाहणं मला पटत नाही. ग्रंथ बेतला गेला तोच त्या स्तुतीभोवती.

‘इतिवृत्त’ आज आपण बैठकीच्या नोंदीला म्हणतो. तो शब्द वाकेनविसाच्या रोजच्या नोंदीला शोभेल. ग्रंथाला ‘दरबारी इतिहास’ किंवा सरळ ‘नामा’ म्हणावं. करारनामा, जाहीरनामा म्हणणाऱ्यांना तो परका नाही.

पुरवणी प्रश्न : आपल्याकडचा वाकनीस म्हणजे हाच का?

उत्तर : शब्द तोच, कामही जवळपास तेच. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले मंत्री दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस. राजाची दिनचर्या, भोजन, निमंत्रणं आणि त्यांची नोंद त्यांच्याकडे असे.

आणखी एक मुद्दा : मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांनी आलमगीरनाम्याची कालमर्यादा ध्यानात ठेवावी. मुहम्मद काझिमने त्यात औरंगजेबाच्या, म्हणजे आलमगीराच्या, कारकिर्दीतल्या पहिल्या दहा वर्षांचा वृत्तांत लिहिला आणि पुढचं लेखन बादशहानेच थांबवलं. पुरंदरचा तह आणि आग्र्याची भेट त्या दहा वर्षांत येतात. संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि ताराबाईंशी चाललेल्या झुंजीला मात्र तसा समकालीन अधिकृत नामाच नाही. साकी मुस्तैद खानाने ‘मआसिर-इ-आलमगिरी’ बादशहाच्या मृत्यूनंतर, 1710 मध्ये पुरी केली. म्हणून त्या काळासाठी दरबारातून निघणारे ‘अखबारात’, म्हणजे रोजची बातमीपत्रं, फार मोलाचे.

प्रश्न : मग गुलबदन बेगमचा ‘हुमायूननामा’ही दरबारी इतिहासच?

उत्तर : नाव नामा, घडण निराळी. अकबरनाम्याला सामग्री हवी म्हणून अकबराने आपल्या या आत्याला आठवणी लिहायला सांगितल्या. तिने लग्नं, रुसवे, भावांमधली तेढ आणि जनानखान्यातल्या वडीलधाऱ्या बायकांची मध्यस्थी लिहिली. त्याला मी ‘आठवणी’च म्हणेन.