जुने धाब्याचे घर आणि नवी फायबर जोडणी : मोडेम-राउटर कोणता घ्यावा व कुठे बसवावा?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. आमचे घर अमळनेरच्या जुन्या वस्तीत आहे. रुंदी जेमतेम १५ फूट, पण लांबी ७० फुटांच्या आसपास आहे. पुढे ओटा आणि बैठक, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर व आंगण, आणि आंगणाच्या पलीकडे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खालीवर दोन खोल्या, अशी रचना आहे. पुढचा सगळा भाग धाब्याचा असून त्याच्या मातीच्या भिंती दीड हात जाड आहेत.

कित्येक वर्षे आमच्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते आणि मोडेम व राउटर एकाच पेटीत होते. गेल्या महिन्यात आम्ही १०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली. जोडणी करणाऱ्या मुलाने नवी पांढरी पेटी बैठकीतल्या लोखंडी कपाटावर ठेवली. बैठकीत वेग उत्तम मिळतो, माजघरात बरा मिळतो, परंतु मागच्या वरच्या खोलीत, जिथे माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिथे व्याख्यानाचे व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकतात. तिला रात्री मोबाइल घेऊन आंगणात बसावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

दुकानदार चार अँटेनांचा नवा मोडेम-राउटर घ्या म्हणतो, तर शेजारी रिपीटर सुचवतात. पैसे खर्च करण्यास माझी ना नाही, पण ते योग्य जागी जावेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ)

नमस्कार ताई. रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे तारांचा आणि लहरींचा थोडा सराव आहे. आधी एक विनंती : दुकानदाराने दाखवलेला मोडेम-राउटर तूर्त घेऊ नका. त्याच्या मागे टेलिफोनची बारीक पिन बसेल असे ‘डीएसएल’ लिहिलेले छिद्र असेल, तर त्यातला मोडेम तांब्याच्या तारेसाठी आहे आणि फायबरवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करण्याचे काम आपल्या घरातली पांढरी पेटी करते. तिला ओएनटी म्हणतात आणि मोडेमची जागा तिनेच घेतलेली आहे. यापुढे काही घ्यायचे झालेच, तर ज्यावर ‘वॅन’ लिहिलेले इथरनेटचे (लॅनची तार बसेल असे) छिद्र आहे असा नुसता राउटर घ्यावा.

आता मूळ अडचणीकडे येतो. पांढऱ्या पेटीशेजारी उभे राहून वेग मोजा. तिथे ९० च्या वर आकडा येत असेल, तर कंपनीची जोडणी निर्दोष आहे आणि वेग घरातल्या घरात हरवतो आहे, असे समजावे. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असतात, परंतु भिंती त्यांना लवकर अडवतात. दीड हात जाडीची मातीची भिंत, तिच्यात मुरलेली ओल, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, शेवटी स्लॅबमधील लोखंडी सळया, एवढे सगळे पार करून ५ गिगाहर्ट्‌झची लहर मागच्या खोलीत पोहोचावी अशी अपेक्षा ठेवू नये. अँटेना चार असोत वा आठ, राउटरच्या प्रक्षेपणशक्तीला नियमाने मर्यादा आहे, आणि मोबाइलकडून परत येणारा संकेत तर त्याहून क्षीण असतो. म्हणून महाग राउटर त्याच कपाटावर ठेवल्यास फरक पडेल तो बैठकीतच.

रिपीटरबद्दलही सावध राहावे. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथे मुळात संकेत दुबळा आहे तिथे तो लावला, तर दुबळा संकेतच पुढे जातो. आपल्या घराला खरा उपाय एकच आहे : पांढऱ्या पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढावी आणि तारेच्या टोकाशी वायफायचे दुसरे केंद्र बसवावे. कॅट ५ई प्रकारची तार १०० मीटरपर्यंत चालते; आपल्याला जिना धरून ३० मीटर लागेल. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती घेऊ नका, शुद्ध तांब्याचीच मागा. आंगणातून जाणाऱ्या भागाला बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची तार घ्यावी किंवा पाइपमधून न्यावी, कारण आपल्याकडच्या उन्हात साधे आवरण तडकते.

आणि हो, जुना मोडेम-राउटर भंगारात दिला नसेल तर तो शोधून ठेवा. त्यातला मोडेम फायबरवर चालणार नाही, पण त्याचे वायफाय दुसरे केंद्र म्हणून चालेल, म्हणजे पहिला प्रयोग विनाखर्च होईल.

उत्तर (धुळे)

भुसावळच्या काकांनी सांगितलेले सगळे पटले. मी फक्त उष्णतेबद्दल आणि विजेबद्दल लिहितो, कारण या दोन गोष्टींनी मला दोन उन्हाळे त्रास दिला.

माझ्या दुकानाला पत्र्याचे छत आहे आणि राउटर मी छताला लागून उंच बसवला होता. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. मग पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करा. दुपारी दोननंतर जोडणी तुटायची, संध्याकाळी आपोआप सुधारायची, आणि मी मात्र रोज कंपनीकडे तक्रार करत राहिलो. शेवटी राउटर खाली भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, हवा लागेल अशा ठिकाणी आणला आणि तो त्रास संपला. ताईंच्या धाब्याखाली गारवा असतो, तेव्हा पुढच्या पेटीची चिंता नाही. पण मागची वरची खोली स्लॅबची असल्याने तिथले यंत्र छतापासून दूर आणि पश्चिमेची भिंत टाळून बसवावे. लोखंडी कपाटावरून पांढरी पेटीही हलवावी, कारण लोखंड लहरी परतवते. ती हलवताना फायबरच्या बारीक तारेला तीव्र वळण देऊ नका. आतली काच दिसायला शाबूत राहिली तरी प्रकाश गळतो.

वीज गेल्यावर घरातले दिवे इन्व्हर्टरवर चालतात, पण राउटरचा प्लग त्या जोडणीवर नसतो, असे अनेक घरांत पाहिले आहे. तो प्लग इन्व्हर्टरवर घ्यावा; ते शक्य नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीची पेटी, घ्यावा. त्याआधी अडॅप्टरवरचे आकडे वाचावेत : व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असावेत. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात, पण ९ व्होल्टच्याही पाहिल्या आहेत, म्हणून अंदाजाने घेऊ नये.

प्रश्नकर्त्याची पुरवणी (अमळनेर)

दोघांचेही मनापासून आभार. पेटीशेजारी वेग ९४ आला आणि मुलीच्या खोलीत ३. जुना मोडेम-राउटर माळ्यावर सापडला. त्याच्या मागे टेलिफोनचे एक आणि पिवळी चार छिद्रे आहेत. ‘वॅन’ कुठेच लिहिलेले नाही. तार कशात लावायची?

उत्तर (भुसावळ)

टेलिफोनचे छिद्र रिकामेच राहू द्या. पांढऱ्या पेटीच्या लॅन छिद्रातून आलेली तार चार पिवळ्या छिद्रांपैकी कोणत्याही एकात लावायची आहे. परंतु त्याआधी जुन्या पेटीची मांडणी बदलली पाहिजे, नाहीतर एका घरात दोन कारभारी होतील आणि दोघेही मोबाइलला वेगवेगळे पत्ते वाटू लागतील.

जुनी पेटी एकटीच चालू करून तिच्या मागची रिसेटची कळ टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबावी, म्हणजे ती मूळ स्थितीत येईल. हे केवळ जुन्या पेटीलाच करायचे आहे. पांढऱ्या पेटीचे रिसेट चुकूनही दाबू नका, तिच्यात कंपनीने भरलेली लॉगिनची व नेटवर्कची माहिती पुसली गेली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घरातले इंटरनेट बंद पडेल. नंतर लॅपटॉप पिवळ्या छिद्राला जोडून पेटीखाली चिकटवलेल्या पत्त्यावर जावे. बहुधा तो १९२.१६८.१.१ असेल. तिथे पेटीचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, कारण पांढऱ्या पेटीचाही पत्ता १९२.१६८.१.१ हाच निघण्याचा संभव असतो आणि एका पत्त्यावर दोघे राहू शकत नाहीत. पांढऱ्या पेटीचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असेल, तर त्या मालिकेतला एखादा रिकामा पत्ता द्यावा. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावे. पत्ते वाटण्याचे काम एकट्या पांढऱ्या पेटीकडे राहील.

वायफायला पुढच्यासारखेच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा, म्हणजे घरात फिरताना मोबाइल स्वतःच जवळचे केंद्र धरेल. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवावा; डब्ल्यूईपी हा पर्याय दिसला तरी निवडू नये, तो फार पूर्वीच निकामी ठरला आहे. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता कळ दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करावे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून पुढे १ ठेवल्यास मागे ११ ठेवावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ करावी. पेट्यांच्या मांडणीत शिरण्याचा जो पासवर्ड छापील येतो, तोही दोन्हीकडे बदलावा. हे काम लोक हमखास विसरतात.

जुन्या पेटीला बहुधा ५ गिगाहर्ट्‌झ नसेल आणि तिचे छिद्र १०० एमबीपीएसचे असेल. आपली जोडणीच १०० ची आहे आणि व्याख्यानाच्या व्हिडिओला ५ एमबीपीएस पुष्कळ होतात, तेव्हा अडचण नाही. पुढे वेगवान योजना घेतलीत, तर गिगाबिट छिद्रांचा दोन पट्ट्यांचा वायफाय ६ राउटर घेऊन याच तारेला लावा. तार फुकट जाणार नाही. मात्र क्रिंप करणाऱ्याला, म्हणजे तारेच्या टोकाला पिन बसवणाऱ्याला, आतल्या आठही तारा बसवायला सांगा. चारच बसवल्या, तर आज काही कळणार नाही, पण गिगाबिट कधीच मिळणार नाही.

उत्तर (शहादा)

ज्यांच्या शेतातल्या घरापर्यंत फायबर आलेली नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. तांब्याची तार अजून चालू असेल तर मोडेम-राउटरच लागतो, आणि बीएसएनएलच्या एडीएसएल (तांब्याच्या तारेवरच्या) जोडणीवर मोडेमच्या मांडणीत व्हीपीआय ० व व्हीसीआय ३५ हे दोन आकडे भरावे लागतात. तारही नसेल तर सिमकार्डचा ४जी राउटर चालतो. आमच्याकडे तो आतल्या भिंतीवरून टॉवरच्या दिशेच्या खिडकीत आणला, आणि तेवढ्यानेच वेग दुपटीहून जास्त झाला. केळीचा बाग वाढला की टॉवरकडचा संकेत थोडा उतरतो, हेही अनुभवाला आले आहे. म्हणून खिडकी शक्यतो वरच्या मजल्याची निवडावी.

प्रश्नकर्त्याकडून (अमळनेर)

रविवारी काम झाले. तार ३२ मीटर लागली. आंगणातला भाग पाइपमधून नेला आणि आठही तारा समोर उभे राहून बसवून घेतल्या. डीएचसीपी बंद केल्याबरोबर लॅपटॉपची जोडणी तुटली तेव्हा मी घाबरले, पण तार पांढऱ्या पेटीला जोडताच सगळे सुरळीत झाले. आता मुलीच्या खोलीत वेग ४१ मिळतो. पांढरी पेटी कपाटावरून काढून माजघराच्या दाराशेजारी भिंतीवर बसवली, त्यामुळे स्वयंपाकघरातही नीट चालते. दोन्ही पेट्यांचे अडॅप्टर १२ व्होल्टचे आहेत. पुढची इन्व्हर्टरवर घेतली आणि मागच्या खोलीसाठी छोटा यूपीएस मागवला आहे. काल रात्री वीज गेली होती, तेव्हा तेवढा वेळ मुलगी पुन्हा खाली आली, पण आंगणात नाही, माजघरात बसली.