तक्रार क्रमांक जपून ठेवा
रस्त्यावरच्या खड्ड्याची ॲपवर तक्रार केली की "निराकरण झाले" असा मेसेज येतो आणि खड्डा तिथेच राहतो, मग तक्रार करायचीच कशाला, असं काही जण म्हणतात. खड्डा तसाच राहतो हे खरंय. आमच्याकडे तर "रस्ता सार्वजनिक बांधकामचा" म्हणून तक्रारच बंद केली. पण म्हणून तक्रार करूच नये, हे पटत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. खड्डा निदर्शनास आणल्यावर ४८ तासांत बुजवायचा, हेही त्यात आहे. आता निदर्शनास आणला होता हे दाखवणार कशाने? तारखेसह फोटो टाका, जवळच्या दुकानाची किंवा खांबाची खूण लिहा. आणि तो "निराकरण"वाला मेसेज डिलीट करू नका, पुरावा म्हणून तोच कामाला येईल.